स्टॉप-स्टार्ट गाडीतली दुसरी बॅटरी

गाडीत दोन बॅटऱ्या आहेत हे अनेक मालकांना दुसरी मेल्यावरच कळते. तोवर पहिली बदलून झालेली असते. सकाळी सेल मारला की इंजिन फिरत नाही, डॅशबोर्डवर एकमेकांशी काही संबंध नसलेले तीन-चार इशारे पेटतात. बॅटरीवाला येतो, बोनेट उघडतो आणि जी दिसते ती बदलून जातो. महिना-दोन महिन्यांनी पुन्हा तोच प्रकार होतो. नव्या बॅटरीला शिव्या पडतात, वॉरंटीवरून वाद होतो. फेंडरच्या आत, डॅशबोर्डमागे किंवा डिकीच्या कोपऱ्यात बसवलेल्या दहा-बारा अँपिअर-तासांच्या छोट्या बॅटरीकडे मात्र कुणी पाहिलेलेच नसते.

हा बिघाड अचानक येत नाही. बहुतेक वेळा तो आधी काही आठवडे, कधी काही महिने कळवत असतो. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणे थांबते, हाच तो निरोप. पण आपल्याकडे गाडीत बसल्यावर पहिले काम काय, तर बाणाच्या वर्तुळात ‘ए’ असलेले बटण दाबून ती सोय, म्हणजे स्टॉप-स्टार्ट, बंद करणे. आणि ती आपोआप बंद पडली तर ‘बरे झाले, कटकट गेली’ असे म्हणून आपण मोकळे होतो. बॅटरीच्या प्रकृतीचे सर्वांत लवकर मिळणारे मोजमाप आपण अशा रीतीने स्वतःच फेकून देतो.

सिग्नलला इंजिन आपोआप बंद करून पुन्हा चालू करण्याची कल्पना जुनी आहे. 1970च्या दशकाच्या मध्यात टोयोटाने क्राउन गाडीत ती आजमावली. 1983मध्ये फियाटने रेगाटाच्या एका आवृत्तीत दिली, फोक्सवॅगननेही त्याच दशकात प्रयत्न केले. खप मात्र झाला नाही, कारण त्या काळच्या बॅटरीला आणि स्टार्टरला हे काम झेपणारे नव्हते. 2000 नंतर युरोपात कार्बन डायऑक्साइडच्या मर्यादा कडक होऊ लागल्या आणि चित्र पालटले. जुनी युरोपीय चाचणी 1180 सेकंदांची, आणि त्यातला जवळजवळ पाव वेळ गाडी जागेवर उभी. उभ्या गाडीचे इंजिन बंद ठेवले की कागदावरचा आकडा लगेच सुधारतो. आपली भारतीय चाचणी त्याच धाटणीची, फक्त कमाल वेग ताशी 90 किलोमीटर. आपल्याकडे महिंद्राने 2008च्या सुमारास स्कॉर्पिओत ‘मायक्रो हायब्रिड’ नावाने ही सोय आणली. पुढे कंपन्यांच्या सरासरी उत्सर्जनाचे नियम आले. 2017-18पासून किलोमीटरला 130 ग्रॅम, 2022-23पासून 113 ग्रॅम अशी ती मर्यादा. त्या हिशेबात स्टॉप-स्टार्ट असलेल्या गाडीला थोडी सूट मिळते. तेव्हा ही सोय आपल्या गाडीत आली ती आपण मागितली म्हणून नव्हे.

मग दुसरी बॅटरी कशाला? सेल मारताना स्टार्टर क्षणभर काहीशे अँपिअर ओढतो आणि बारा व्होल्टची बॅटरी नऊ-दहा व्होल्टपर्यंत, थकलेली असेल तर त्याहूनही खाली बसते. सकाळी पहिल्यांदा गाडी चालू करताना हे कुणाला जाणवत नाही. पण सिग्नलवर दर वेळी रेडिओ गप्प झाला, पडदा पुन्हा सुरू होऊ लागला, हेडलाइट मंदावले, स्टिअरिंगची मदत क्षणभर गेली, तर गिऱ्हाईक गाडी परत आणून उभी करेल. त्या अर्ध्या-एक सेकंदात इलेक्ट्रॉनिक्सला स्थिर व्होल्टेज कुठून तरी मिळायलाच हवे.

यावर कंपन्यांनी काढलेले मार्ग वेगवेगळे आहेत, आणि आपल्या गाडीत त्यातला कोणता आहे हे ठाऊक नसणे हेच निम्म्या गोंधळाचे मूळ आहे. भारतातल्या बहुतेक स्टॉप-स्टार्ट गाड्यांत बॅटरी एकच, पण साध्या बॅटरीपेक्षा दणकट. ती सुधारित द्रव-बॅटरी, म्हणजे ईएफबी असते, नाहीतर काचतंतूंच्या चटईत आम्ल शोषून ठेवलेली एजीएम. चाकणला बनणाऱ्या कुशाक-टायगुनची 1.5 लिटर आवृत्ती किंवा ह्युंदाई-किआच्या अनेक गाड्या या वर्गातल्या. काही ठिकाणी एकाच बॅटरीबरोबर व्होल्टेज सावरणारा छोटा कन्व्हर्टर असतो. प्यूजो-सित्रोएनने 2010च्या सुमारास डिझेल गाड्यांत अल्ट्राकपॅसिटर वापरले. मारुतीने 2018च्या सियाझ आणि एर्टिगात तिसरीच वाट धरली. लेड-ॲसिडच्या जोडीला लहान लिथियम बॅटरी दिली आणि पट्ट्याने इंजिनला जोडलेला मोटर-जनरेटर. पहाटेचा पहिला स्टार्ट साध्या स्टार्टरने होतो, सिग्नलवरचा पट्ट्याच्या मोटरने, त्यामुळे धक्का जवळजवळ जाणवत नाही.

खरी ‘ऑक्झिलरी’ म्हणजे लेड-ॲसिडचीच छोटी भावंडे मात्र महागड्या गाड्यांत जास्त सापडतात. व्होल्वोच्या स्टॉप-स्टार्ट मॉडेल्समध्ये मुख्य बॅटरीशेजारी साधारण दहा अँपिअर-तासांची आधार-बॅटरी आहे. लँड रोव्हरच्या काही गाड्यांत चौदाची. मर्सिडीजमध्ये तर मॉडेलनुसार जागा, आकार आणि काम बदलते. काहींत ती स्टॉप-स्टार्टच्या क्षणी विजेचा पुरवठा सांभाळते, काहींत मुख्य वीज गेली तरी गिअर ‘पार्क’मध्ये टाकता यावा एवढ्यासाठी जेमतेम एक-सव्वा अँपिअर-तासाचे खेळण्यातल्यासारखे डबडे असते, आणि काहींत पुढे बॅटरी काढून कपॅसिटरचा मॉड्यूल बसवला गेला. इशारा मात्र सगळ्यांचा सारखाच: ‘ऑक्झिलरी बॅटरी बिघाड’. इशारा वाचून इंटरनेटवरून बॅटरी मागवण्याआधी चेसिस क्रमांकावरून सुटा भाग नेमका कोणता ते पाहावे, एवढे तरी करावे.

सर्वांत बोधप्रद रचना जीपची आहे. 2018पासूनची रँग्लर, जिची जुळणी 2021पासून आपल्या रांजणगावला होते, तिच्या हायब्रिड नसलेल्या आवृत्त्यांत मुख्य बॅटरीजवळ फ्यूजपेटीखाली एक छोटी एजीएम दडवलेली आहे. तिथे हात पोचवायचा तर उजव्या पुढच्या चाकाचे आतले आवरण उतरवावे लागते किंवा वरून फ्यूजपेटी उचलावी लागते. एरवी दोन्ही बॅटऱ्या समांतर जोडलेल्या असतात. इंजिन आपोआप बंद झाले की त्या वेगळ्या होतात: छोटी दिवे-पंखा-पडदा चालवते, मोठी फेरस्टार्टसाठी राखीव राहते. कागदावर हे सुंदर आहे. अडचण त्या समांतर जोडणीत आहे. दोन टाक्या खालून एका पाइपाने जोडल्या की पाण्याची पातळी एकच राहते, आणि एकीला भोक पडले की दुसरीही रिकामी होते. छोटीतला एखादा सेल गेला की ती रात्रभर मोठीला ओढत राहते. सकाळी मोठी बसलेली दिसते. तिला चार्ज केले, बदलले, तरी भोक तसेच. उलटही घडते. मोठी म्हातारी झाली की छोटीवर भार पडतो आणि नवी छोटी वर्षभरात खलास होते. म्हणून समांतर रचनेत दोन्ही एकत्र बदलाव्यात या मताचा मी आहे, खर्च टोचला तरी. व्होल्वोसारख्या ठिकाणी, जिथे छोटी बॅटरी फक्त स्टार्टच्या क्षणापुरती कामाला येते, तिथे हा आग्रह धरण्याचे कारण नाही. तिथे तपासणीत जी नापास होईल तीच बदलावी.

आता जरा हिशेब. सिग्नलवर इंजिन बंद असताना पंखा, दिवे, पडदा, पंप मिळून तीसेक अँपिअर सहज खातात. एक मिनिट थांबलो तर अर्धा अँपिअर-तास गेला. साठच्या बॅटरीला हे काहीच नाही, एक टक्कासुद्धा नाही. बाराच्या बॅटरीला चार टक्के. पाठोपाठ चार सिग्नल लागले आणि मधल्या टप्प्यांत भरून घ्यायला वेळ मिळाला नाही, तर ती कुठे पोचेल ते उघड आहे. त्यात नव्या गाड्यांचे अल्टरनेटर ‘हुशार’ असतात. ब्रेक मारताना फुकट मिळणारी वीज साठवायला जागा राहावी म्हणून ते बॅटरी मुद्दाम पूर्ण भरत नाहीत, ऐंशी टक्क्यांच्या आसपास ठेवतात. लेड-ॲसिडला अर्धवट भरलेले राहणे मानवत नाही. तिच्या प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे कडक स्फटिक जमतात आणि क्षमता कायमची घटते. एजीएम आणि ईएफबी हे जास्त सोसतात, पण सोसतात म्हणजे त्यांना ते आवडते असे नव्हे.

यात आपला उन्हाळा. बॅटरी थंडीत मरते ही समजूत युरोप-अमेरिकेतून आली. न्यू जर्सीत किंवा टोरोंटोत राहणाऱ्या मराठी माणसाला तसे वाटणे साहजिकच आहे, कारण तिथे उणे तापमानात बॅटरीची ताकद एकदम घसरते आणि इंजिनही जड फिरते. पण खरी झीज उष्णतेने होते. तापमान दहा अंशांनी वाढले की बॅटरीतल्या रासायनिक झिजेचा वेग साधारण दुप्पट होतो, हा या धंद्यातला ढोबळ नियम. नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश असताना बोनेटखाली काय असेल? जी बॅटरी तिथे मे महिन्यात शिजते ती बोलते डिसेंबरात, आणि दोष जातो थंडीला. छोटी बॅटरी इंजिनाशेजारी असेल तर तिचे आयुष्य आणखी कमी. केबिनमध्ये किंवा डिकीत असेल तर उष्णतेपासून वाचते, मात्र कोकणातल्या पावसात गळक्या रबरामुळे डिकीच्या खळग्यात पाणी साचले की टर्मिनल हिरवी पडतात.

आता त्या बटणाकडे. स्टॉप-स्टार्ट न चालण्याला निरुपद्रवी कारणे भरपूर आहेत. इंजिन अजून गार आहे, केबिन पुरेशी थंड झालेली नाही, पट्टा लावलेला नाही, दार नीट बसलेले नाही, स्टिअरिंग वळलेले आहे, रस्ता चढाचा आहे. भर दुपारी एसी जोरात असताना यंत्रणा नकार देते ते योग्यच. म्हणून एखाद्या दिवशी इंजिन बंद झाले नाही म्हणून घाबरू नये. परीक्षा घ्यायची ती अनुकूल परिस्थितीत. सकाळची गार वेळ, एसी बंद, महामार्गावर अर्धा-पाऊण तास सलग चालवलेली गाडी, सपाट रस्ता. या सगळ्यानंतर सिग्नलला इंजिन बंद होत नसेल, आणि आठवडाभर असेच चालले असेल, तर संगणक बॅटरीवर विश्वास ठेवायला तयार नाही असे धरावे. पूर्वी मिनिटभर बंद राहणारे इंजिन आता एसीविनाच दहा सेकंदांत पुन्हा चालू होते, हेही तेच लक्षण. रोज सोय वापरायची नसेल तर वापरू नका, पण महिन्यातून एका रविवारी ते बटण दाबू नका. फुकटची तपासणी होते.

पुढची पायरी मल्टिमीटरची. गाडी काही तास लॉक करून शांत ठेवल्यावर बॅटरीवर 12.6 ते 12.8 व्होल्ट दिसले तर ती भरलेली आहे. 12.4 म्हणजे पाऊण, 12.2 म्हणजे निम्मी, 11.9 म्हणजे रिकामीच. पण व्होल्टेज फक्त भरणा सांगते, ताकद नाही. भार दिल्यावर कोसळणारी बॅटरीही निवांत असताना साडेबारा दाखवते. त्यासाठी कंडक्टन्स टेस्टर हवा, आणि त्यात बॅटरीचा प्रकार एजीएम की ईएफबी हे बरोबर निवडलेले हवे, नाहीतर चांगली नापास होते आणि वाईट पास. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दोन्ही बॅटऱ्या एकमेकींपासून सोडवून वेगवेगळ्या तपासायच्या. जोडलेल्या अवस्थेत मोजलेला आकडा दोघींचा मिळून असतो आणि त्यावरून कुणालाच दोषी ठरवता येत नाही. आपल्याकडच्या गॅरेजांत नेमकी हीच पायरी गाळली जाते. दोष मेकॅनिकचा म्हणावा, तर चाक उतरवून छोटीपर्यंत पोचायला तास लागतो आणि त्या तासाचे पैसे द्यायला गिऱ्हाईक तयार नसते.

गॅरेजच्या काही जुन्या सवयीही या गाड्यांना बाधतात. बॅटरीत पाणी टाकणे ही पहिली. एजीएम बंद असते, तिच्यात डिस्टिल्ड वॉटर टाकायचे नसते. झाकण उचकटले की तिचे काम संपले. दुसरी सवय जुन्या चार्जरवर रात्रभर लावून ठेवण्याची. काही जुने चार्जर पंधरा-सोळा व्होल्टपर्यंत जातात. एजीएमला 14.4 ते 14.8च्या वर नेले की आतला ओलावा वायू होऊन निघून जातो आणि तो परत भरता येत नाही. तिसरी सवय जंपर किंवा चार्जरचा काळा चिमटा थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावण्याची. त्या टर्मिनलवर आत-बाहेर जाणारा प्रवाह मोजणारा सेन्सर बसवलेला असतो. चिमटा त्याच्या अलीकडे लागला की बॅटरीत किती वीज गेली ते गाडीला कळतच नाही, आणि भरलेली बॅटरीही ती रिकामी समजते. व्होल्वोच्या मालक-पुस्तिकेत तर काळा चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हला लावायचाच नाही, चेसिसलाच लावायचा, असे स्पष्ट लिहिले आहे. इतर गाड्यांतही तोच नियम पाळलेला बरा.

गावाला जाताना निगेटिव्ह काढून ठेवण्याचा वडीलधाऱ्यांचा सल्ला एका बॅटरीच्या जमान्यात अचूक होता. दोन समांतर बॅटऱ्यांच्या गाडीत एकच निगेटिव्ह काढला तर दुसरीवरून सगळी गाडी जिवंत राहते. दिवे लागतात, एअरबॅगची वायरिंगही जागी असते. दुरुस्तीच्या वेळी हे धोक्याचे आहे. दोन्ही निगेटिव्ह काढले पाहिजेत. परत जोडल्यावर काही तास, कधी रात्रभर, स्टॉप-स्टार्ट चालत नाही. सेन्सर बॅटरीची नव्याने ओळख करून घेत असतो. बीएमडब्ल्यूसारख्या गाड्यांत नवी बॅटरी संगणकात नोंदवावी लागते, नाहीतर अल्टरनेटर नव्या बॅटरीलाही म्हातारीचाच आहार देत राहतो. आणि एजीएमच्या जागी स्वस्तातली साधी बॅटरी बसवून देणाऱ्याला नम्रपणे निरोप द्यावा. केबिनमधली बॅटरी असेल तर विशेषच, कारण तिच्या गॅसची नळी बाहेर सोडलेली असते आणि बदलताना ती जोडायला विसरणारे थोडे नाहीत.

बॅटरी निर्दोष असूनही ती बसत असेल तर संशय नंतर बसवलेल्या वस्तूंवर घ्यावा. लॉक केलेल्या गाडीचा विजेचा खर्च 50 मिलिअँपिअरच्या आसपास किंवा कमी असला तर तो स्वाभाविक. पार्किंगमध्येही चित्रण करणारा डॅशकॅम अडीचशे मिलिअँपिअर घेत असेल तर दिवसाला सहा अँपिअर-तास झाले. साठची बॅटरी पाच दिवसांत निम्मी. त्यात जीपीएस ट्रॅकर, रंगीत दिवे, फ्यूजपेटीत खुपसलेल्या तारा. चावीविना उघडणाऱ्या गाडीची चावी गाडीजवळच्या भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली असेल तर काही गाड्या रात्रभर झोपतच नाहीत. 2020च्या टाळेबंदीत सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये रांगेने बसलेल्या बॅटऱ्यांमागे हाच साधा हिशेब होता. आठवड्याला दहा मिनिटे इंजिन चालू ठेवण्याचा तेव्हाचा लोकप्रिय उपाय कुचकामी. सेलने घेतलेले त्यात भरून निघते, पण आठवडाभर झिरपलेले नाही. आठवड्याला अर्धा-पाऊण तास गाडी चालवावी, किंवा जिथे प्लग मिळतो तिथे स्वयंचलित मेंटेनन्स चार्जर लावावा.

ही सोय कायमची काढून टाकावी का, हा प्रश्न आता उघडपणे विचारला जातो. मे 2025मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचे प्रमुख ली झेल्डिन यांनीच ती सगळ्यांना नकोशी असल्याचे जाहीरपणे म्हटले. जीपवाले छोटी बॅटरी वगळून तारा थेट जोडतात, काही जण बटणाची अवस्था लक्षात ठेवणारे मॉड्यूल बसवतात. दुसरा उपाय निरुपद्रवी वाटतो, पण त्याने बॅटरीचा रोजचा निरोप कायमचा बंद होतो आणि समांतर जोडलेली छोटी बॅटरी तशीच मरत राहते. पहिला उपाय तांत्रिकदृष्ट्या जास्त प्रामाणिक आहे, मात्र वॉरंटीतल्या गाडीत करू नये. बचतीचे म्हणाल तर मध्यम पेट्रोल इंजिन उभ्या उभ्या तासाला पाऊण ते एक लिटर पिते. दिवसाला वीस मिनिटे खरोखर बंद राहिले तर पाव लिटर किंवा थोडे जास्त वाचते. मुंबई-पुण्याच्या कोंडीत एसी चालू ठेवणाऱ्याला त्यातला अर्धाही फायदा मिळत नाही. महागड्या गाडीच्या दोन एजीएम आणि मजुरी या बचतीतून निघतील असे मला वाटत नाही. सिग्नलवर धूर आणि आवाज कमी होतो तो फायदा मात्र मालकाचा नाही, शेजारी उभ्या स्कूटरवाल्याचा आहे, आणि तो खरा आहे.

पूर्ण हायब्रिड आणि विजेच्या गाड्यांत हे दुखणे नाहीसे होईल असे वाटत असेल तर तसे नाही. तिथेही बारा व्होल्टची छोटी बॅटरी आहेच. मोठ्या बॅटरीचे संपर्क-स्विच तिच्याच विजेवर लागतात. ती बसली की पोटात शेकडो किलोमीटरची वीज असूनही गाडी दार उघडत नाही. तिला सेल मारावा लागत नसल्यामुळे थकव्याची पूर्वसूचना तर आणखीच कमी मिळते.

दोन बॅटऱ्यांची गाडी सर्व्हिसला देताना निदान दोन ओळी जॉबकार्डवर लिहून घ्याव्यात: मुख्य बॅटरी सोडवून तपासली तेव्हाचा आकडा, आणि छोटीचा वेगळा आकडा, तारखेसह. छोटीपर्यंत पोचण्याची मजुरी आधी ठरवून घ्यावी. तिसऱ्या वर्षापासून हे दर उन्हाळ्याआधी करावे. आणि बदललेली छोटी बॅटरी दुकानातच ठेवून यावी. तीही शिशाचीच आहे, 2022च्या बॅटरी-कचरा नियमांनुसार ती परत घेऊन पुनर्वापराला लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, आणि भंगारवाल्याकडे गेली तर तिचे आम्ल गटारात जाते.